समुद्र कोण उपसतं?

समुद्र शिकवायचा म्हणून आम्ही वर्गाची मागची भिंत निळी केली. वर फिकट, मध्ये गडद आणि फरशीजवळ जवळजवळ काळी. रंग गावातल्या कुणाच्या तरी घराच्या कामातून उरलेला होता. माझ्या जोडीचे सर रंगवायला लागले की पोरं त्यांच्या पाठीमागे उभी राहून सूचना करायची. "सर, हितं पानी कमी पडलं." सर म्हणायचे, "टँकर मागवतो."

नगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता सोडून आत डोंगराच्या पायथ्याला आमची वस्तीवरची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. मी सावेडीतून स्कूटरवर जाऊन-येऊन करते. दुसरी आणि तिसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. संक्रांतीच्या सुमारास शाळेला पुस्तकांची एक पेटी मिळाली. निम्मी पुस्तकं समुद्रातल्या प्राण्यांची निघाली. आमच्या पोरांपैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. एकाच्या मामाने पाहिला होता, आणि त्यानेही 'लई मोठा हाय' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. पण पुस्तकं चांगली होती, अक्षर मोठं होतं, चित्रं खरी होती. पोरांना वाचायला काहीतरी हवं होतं, आणि पोपट-कावळा-चिमणीला ती कंटाळली होती.

पद्धत साधी ठेवली. प्रत्येकाला एक प्राणी. आपलं पान आधी आपण वाचायचं, अडलं तर शेजाऱ्याला विचारायचं, मग बाईंना. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या. मग चित्र कापून तो प्राणी जितक्या खोलीवर राहतो तितक्या खोलीवर भिंतीला चिकटवायचा. उजेडात राहणारे वर, अंधारात राहणारे खाली. प्रश्न पडला तर तो वेगळ्या कागदाच्या माशावर लिहून तोही चिकटवायचा.

खोली म्हणजे काय, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. बोर घेताना ती मशीनपाशी उभी असतात.

"बाई, समुद्र किती फुटाला हाय?"

"बऱ्याच ठिकाणी हजारो फूट."

"आमचा बोर आठशेला कोरडा गेला. मंग त्येंना किती फुटावर पानी लागतं?"

"अरे येड्या," दुसरा म्हणाला, "वरपस्नं पानीच हाय की सगळं."

ही गोष्ट पहिल्याला अन्यायाची वाटली असावी.

निळा देवमासा किती मोठा, ते टँकरवर मोजलं. एकामागे एक तीन टँकर उभे केले तर एक देवमासा. मग पटलं. मिठाचं पाणीही चाखायला दिलं. एका ग्लासात दोन चमचे मीठ ढवळून प्रत्येकाच्या तळहातावर थोडं थोडं. सगळ्यांनी दारापर्यंत पळत जाऊन थुंकलं. "मंग एवढ्या पान्याचा उपेग काय, बाई?" मी सांगितलं, माशांना आहे. समुद्रकाठच्या माणसांना आपल्यासारखंच गोडं पाणी वेगळं आणावं लागतं. हे ऐकून त्यांचा समुद्राबद्दलचा आदर थोडा कमी झाल्यासारखा वाटला.

या सगळ्यात तिसरीतली एक मुलगी मागच्या रांगेत बसून असायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती काही दिवस शाळेत आलीच नव्हती, कारण तिचा काका त्यांच्या शेततळ्यात बुडून गेला होता.

शेततळं आमच्याकडे जागोजाग आहे. मोठा खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरायचं, त्याला सगळे 'कागद' म्हणतात. पावसाळ्यात विहिरीचं पाणी त्यात चढवून ठेवायचं आणि उन्हाळाभर बागेला पुरवायचं. या कागदावर शेवाळ धरतं. काका मोटारीच्या पाइपाचा वॉल्व बघायला उतरला आणि घसरला. त्याला पोहता येत होतं. विहिरीत तो लहानपणापासून उड्या मारायचा. पण विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. कागदावर हाताने धरण्यासारखं काहीच नसतं. कमरेला दोर बांधून उतरायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बांधत नाही. लग्न व्हायचं होतं त्याचं. या मुलीला रोज तोच मोटारसायकलवरून शाळेत सोडायचा, आणि फाटकातून ती वर्गात शिरेपर्यंत गाडी चालू ठेवून थांबायचा.

त्यांचं तळं माझ्या रस्त्यावरच आहे. बांध उंच, त्यामुळे पाणी दिसत नाही. पण वारा असला की कडेचा सुटलेला कागद फडफडतो, तो स्कूटरच्या आवाजातूनही ऐकू येतो. दिवाळीनंतर मी तिथे वेग वाढवायला लागले होते. त्याला कारण नव्हतं. रस्ता तिथे खराबच आहे.

भिंतीवरचा समुद्र निम्मा भरला तेव्हा आम्ही मेलेल्या देवमाशाचं पान वाचलं. देवमासा मरतो आणि सावकाश खाली बुडत जातो. पार तळाशी, जिथे उजेड पोचत नाही तिथे जाऊन पडतो. मग त्याच्यावर कित्येक वर्षं खेकडे, किडे, मासे जगतात. काहीच वाया जात नाही. पोरांना हे पान फार आवडलं.

"बाई, म्हंजी दहाव्याला सगळं गाव जेवतं तसं."

"व्हय, आन् वरीसभर पंगती."

वर्ग हसला, मीही हसले. तो देवमासा कुणी चिकटवायचा म्हणून भांडण लागलं. मागच्या रांगेतली ती उठली आणि म्हणाली, "मी चिकटवते." ती सहसा काही मागत नसे, म्हणून मी तिलाच दिला. तिने तो अगदी खाली, फरशीला टेकवून लावला. मग जागेवर जाऊन एक मासा कापला, त्यावर लिहिलं आणि तोही देवमाशाशेजारी लावला. प्रश्न मोठ्याने वाचायचे असा नियम होता. दुसरीतल्या एकीने अक्षरं जोडत जोडत वाचला:

"समुद्रात माणूस मेला तर समुद्र कोण उपसतं?"

हसायला कुणीच हसलं नाही. आमच्या भागात विहिरीत माणूस गेलं तर विहीर उपसतात. सगळं पाणी काढून टाकतात, तळ कोरडा करतात, पूजा करतात, आणि मग नव्याने झरे येतात ते पाणी प्यायचं. हे पोरांना समुद्रापेक्षा पक्कं माहीत.

मी म्हटलं, "समुद्र कुणी उपसत नाही. तो फार मोठा आहे."

तेवढ्यात पुढून एकजण म्हणाला, "बाई, त्येंनी तळं उपासलं न्हाई ना, म्हनून ती इचारती."

"तू गप बस. तुला विचारलंय का?"

"सगळ्या गावाला ठाव हाय," तो पुटपुटला आणि गप बसला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिचं दप्तर उचललं. ते इतकं जड होतं की आधी मला वाटलं, पोरांनी चेष्टेने दगड भरले. आत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या, दोन्ही रिकाम्या व्हायला हव्या होत्या त्या वेळी भरलेल्या. शाळेच्या टाकीचं पाणी. गावच्या नळयोजनेचं, दोन-तीन दिवसांनी येतं ते.

"हे कुठे नेतेस?"

"घरी."

"घरी पाणी नाही?"

"हाय."

मी वाट पाहत उभी राहिले. मुलांना फार विचारलं की ती आपल्याला हवं ते उत्तर देतात, म्हणून मी विचारत नाही, उभी राहते. ती म्हणाली, "ते तळ्याचं हाय."

हळूहळू कळलं ते असं. वस्तीवरचा त्यांचा बोर आटला आहे. विहीर उन्हाळ्यात कोरडी. घराच्या टाकीत पाणी येतं ते शेततळ्यातून, त्याच मोटारीने. दिवाळीपासून ही पोर ते पाणी पीत नव्हती. शाळेत येऊन पोटभर प्यायची, बाटल्या भरून न्यायची आणि खाटेखाली ठेवायची. शनिवारी अर्धी शाळा, रविवारी सुट्टी, म्हणजे रविवारी संध्याकाळी बाटल्या संपलेल्या. सोमवारी तिचे ओठ सोललेले असायचे. मी ते दर आठवड्याला पाहत होते आणि थंडीमुळे असेल म्हणत होते.

"मग भाकरी? ती कुठल्या पाण्यात मळतात?"

"भाकर खाते. तिला जाळ लागतो."

"आमटी?"

"न्हाई खात. आमटीत पानी ऱ्हातं."

तिने सगळं नीट ठरवलेलं होतं. जे विस्तवावर कोरडं होतं ते चालतं. जे ओलं राहतं ते नाही. उकळून गाळून पी, असं सांगण्यात अर्थ नव्हता. तिला जंतूंची भीती नव्हतीच.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन महिन्यांनी सुट्टी लागेल. मग?" मीही तेच मोजत होते. मे महिन्यात शाळा बंद, टाकी बंद. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी नऊला ऊन डोक्यात जातं. ही नऊ वर्षांची पोर महिनाभर काय पिणार होती?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दुपार होती. घर बागेच्या कडेला. संत्र्याची झाडं नीट राखलेली, आंबिया बहार धरलेला, फांद्यांवर फुलं. तो वास गोड असतो आणि जरा जास्तच असतो. तिचे आजोबा पडवीत बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. घर त्यांच्या शब्दावर चालतं.

"या बाई. पोरीनं काय केलं?"

"काही नाही. पाणी पीत नाही."

"ठाव हाय."

"मग?"

आबांनी पायातली चप्पल सरळ केली. "बाई, विहीर आसती तर मी उपासली आसती. माझ्या बापानं उपासलीती, तवा मी मोटंवर हुतो. विहिरीत पान्याच्या देवी, साती आसरा आसत्यात, त्यांची ओटी भरावी लागती, समदं करावं लागतं. मी न्हाई म्हनत न्हाई. पन ह्ये तळं. ह्यो कागद. ह्यात आसरा ऱ्हात्यात व्हय? ह्याला रीत कुनी लावून दिली? भटजीला इचारलं, तर त्यो म्हनला, शेततळ्याचं पोथीत न्हाई."

"मग काय केलंत?"

"गोमूत्र टाकलं. नाशकावरनं गंगेचं पानी आनून टाकलं. आन् हात जोडले." ते बागेकडे बघत होते. "बहार धरलाय. आत्ता उपासलं तर पाऊस येस्तवर देनार काय? एक ल्योक गेला. आता झाडं बी घालवू?"

माझं स्वतःचं मत विचाराल, तर पाण्यात काहीच नव्हतं. त्याला लगेच बाहेर काढलं होतं. पाणी होतं तसंच होतं. हे मी आबांना सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मी त्यासाठी गेले नव्हते.

तिच्या आईने चहा आणला. ती बाई कमी बोलते. कप माझ्या हातात देताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

चहा कुठल्या पाण्याचा आहे हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

मी प्यायले. आमच्याकडे मयताच्या घरचा चहा नाकारत नाहीत, आणि मी विज्ञान शिकवते. पहिला घोट घेतला तेव्हा मुलीने श्वास रोखलेला मला ऐकू आला. चहा चांगला होता, आलं घातलेलं.

आबांना तो चहा बघून धीर आला असावा. ते नातीला म्हणाले, "बघ, बाई पेत्यात. एवढ्या शिकलेल्या. इचार बाईंना, समुद्रात मानसं मरत्यात का न्हाई?"

"मरतात," मी म्हटलं.

"मंग त्यो कुनी उपासतं?"

"न्हाई उपासत," मुलगी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय." आणि मग, अगदी पाढा म्हणावा तशी, "पन समुद्राचं पानी कुनी पीत न्हाई."

वाऱ्याने तळ्याचा कागद फडफडला. कपात निम्मा चहा होता. तो तसाच ठेवून मी उठले असते, तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी उरलेला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"बाई," मुलगी म्हणाली, "आता त्यो तुमच्यात बी गेला."

"ए, गप!" आई तिच्या अंगावर धावली. "काय बोलती गं बाईंना! लाज न्हाई वाटत?"

"मारू नका तिला," मी म्हटलं आणि निघाले.

सावेडीत पोचेपर्यंत मी त्याबद्दल विचार केला नाही. गाडी लावली, भाजी निवडली, कुकर लावला. जेवताना तांब्यातून पाणी ओतलं आणि ओतताना हात क्षणभर थांबला. बस, एवढंच. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण त्यानंतर काही दिवस मला माझ्या आतला ओलेपणा जाणवायचा. जिभेवरची लाळ, डोळ्यांतलं पाणी. गिळताना गिळल्याचं कळायचं. ते एरवी कुणाला कळतं?

शाळेत ती मला वळसा घालून जायला लागली. रागाने नव्हे. आपण मयताच्या खाटेला वळसा घालतो तसं, सवयीने, कुणाला दुखवायचं नाही अशा बेताने. वही टेबलाच्या पलीकडच्या कडेवर ठेवायची. खडू सरांच्या खोलीतून आणायची. तिचं लिहिणं मात्र सुधारलं होतं. कासवावर तिने चारच्या जागी पानभर लिहिलं. मादी कासव ज्या किनाऱ्यावर जन्मली तिथेच अंडी घालायला परत येते, हे तिने दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा त्याखाली रेघ मारली.

त्यानंतर काही दिवसांनी आबा शाळेत आले. पोरं खिचडी खात होती. आबा थेट वर्गात गेले आणि मागच्या भिंतीसमोर उभे राहिले. वरून खाली बघत बघत ते वाकले. नातीचा मासा देवमाशाशेजारी होता. आबांना सावकाश वाचता येतं. ओठ हलवत त्यांनी तो वाचला. मग काळ्या रंगावर हात ठेवला.

"हा तळ हाय व्हय?"

"हो."

"हितं काय दिसत आसंल?"

"काहीच नाही. उजेड नसतो."

आबांनी प्यायला पाणी मागितलं. तांब्या दिला. त्यांनी तो वरून, न थांबता, गटागटा रिकामा केला. म्हाताऱ्या माणसाला एवढं पाणी एका दमात पिताना मी पाहिलेलं नाही. तांब्या परत देताना ते म्हणाले, "बाई, मी बी घरचं पेत न्हाई. सकाळी देवळात जातो, थितल्या नळावर पितो. दिस काढतो." जरा थांबून म्हणाले, "तिला सांगू नगा."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्या आठवड्यात आबांनी मोटार चालू केली ती बंदच केली नाही.

मी परत जाताना तिथे थांबले. ठिबक काढून टाकलं होतं आणि पाइप मोकळा सोडला होता. बागेत सऱ्यांमधून पाणी चाललं होतं. एरवी थेंबाथेंबाने देतात त्या झाडांच्या बुडांशी घोट्याएवढं पाणी उभं होतं. बघायला फार सुंदर होतं आणि बघवत नव्हतं, कारण पुढे काय होणार ते दिसत होतं. शेजारच्या वस्तीवरच्या एकाने बांधावरून हाक मारली, "आबा, याड लागलं का? म्हैनाभरानं काय रक्त पाजनार का झाडांना?" आबा म्हणाले, "तुझ्याकडं मागायला येत न्हाई." "आमच्या बांधाला येऊ देऊ नका ते पानी," तो म्हणाला आणि निघून गेला.

मोटारीने ओढलं तेवढं ओढलं. तळाशी गाळ आणि हिरवट पाणी उरलं, ते मोटारीला येत नाही. मुलीचं म्हणणं होतं, की तेच पाणी कधीच संपत नाही. वरून नवं भरतात आणि जुनं खाली तसंच राहतं. तिचे वडील कमरेला दोर बांधून खाली उतरले. दोराचं दुसरं टोक आबांनी लोखंडी खांबाला दोन वेढे देऊन स्वतःच्या हाताला गुंडाळलं होतं. गाळ घमेल्यांनी वर येत होता. एका घमेल्यात एक पाना आला, नट आवळायचा, गंजलेला. तिच्या वडिलांनी तो खालून हातात धरून वर दाखवला. आबांनी तो घेतला, धोतराला पुसला आणि खिशात घातला.

मुलगी बांधावर बसून होती. तळाचा शेवटचा ओला डाग उन्हात वाळेपर्यंत ती हलली नाही. मी शेजारी जाऊन बसणार होते. ती सरकेल हे लक्षात आलं, म्हणून उभीच राहिले.

पुढचं जे व्हायचं ते झालं. एप्रिलमध्ये फळं लिंबाएवढी झाली आणि गळायला लागली. टँकरचं पाणी आणून तळ्यात टाकलं, पण ते झाडं जगवण्यापुरतं, फळं धरण्यापुरतं नाही. डोंगराकडच्या ओळी वाळल्या. जाता-येता मला आबा दिसायचे, झाडांखालची हिरवी फळं वेचून पाटीत टाकताना. ती कशाच्याच उपयोगाची नसतात. मी हॉर्न वाजवला की ते हात वर करायचे.

पण पोर पाणी प्यायला लागली. टँकर रिकामा होत असताना तिने तळ्यापाशी उभं राहून ओंजळीने प्यायलं, असं तिच्या आईने मला सांगितलं. सांगताना ती पहिल्यांदाच दोन वाक्यांहून जास्त बोलली. दप्तर हलकं झालं. ओठ बरे झाले. आमटी खाते, चहा पिते. मे महिन्याची काळजी मिटली.

शेवटच्या दिवशी आम्ही पोरांना केळी वाटत होतो. मी एका बाजूने, सर दुसऱ्या बाजूने. ती माझ्या रांगेत होती. मी केळं पुढे केलं. ती उठली आणि सरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सगळी पोरं गेल्यावर मी तिला थांबवलं. मला हे सुट्टीपलीकडे न्यायचं नव्हतं.

"काय गं, अजून?"

तिने मान खाली घातली. "तळं उपासलं, बाई. तुमी कुठं उपासलं?"

मी खुर्चीवर बसले. रागवायचं काही कारण नव्हतं. तिचा हिशेब चुकत नव्हता. म्हणून मी तिला पुस्तकात असतं तसं सांगितलं. माणसाच्या अंगातलं पाणी एका जागी राहत नाही. घामावाटे जातं, लघवीवाटे जातं, श्वासावाटेसुद्धा जातं. रोज थोडं जुनं जातं, रोज थोडं नवं येतं. काही आठवड्यांत जवळजवळ सगळं बदलतं.

"समदं?"

"जवळजवळ सगळं."

"तळाचं बी?"

"माणसाला तळ नसतो. गाळ साचत नाही."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, जरा खाली, पोटाकडे. मग बोटं मोडत मनात काहीतरी मोजलं.

"मंग जूनमदी झालेलं आसंल?"

"झालेलं असेल."

"पानी लई प्या, बाई," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून पळाली.

तो मे महिना कडक होता. मी घरीच होते. सकाळी उठल्यावर तांब्याभर, अकराला तांब्याभर, दुपारी झोपण्याआधी आणि उठल्यावर. मुलगा म्हणाला, "आई, शुगर तपासून घे." तपासून घेतली, काही निघालं नाही. मी आपली तहान नसतानाही पाणी पीत राहिले.